अंटार्क्टिका : सह्या झालेला, पण कधीच लागू न झालेला करार

१/ अंटार्क्टिका करार २०४८ मध्ये संपणार आणि मग तेथे खाणी खुल्या होणार, असे समाजमाध्यमांवर वारंवार वाचायला मिळते. हे खरे नाही. मात्र या गैरसमजामागचा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे.

२/ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सात देशांनी या खंडावर हक्क सांगितला होता. ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली यांचे दावे तर एकाच भूभागावर होते. १९५२ मध्ये होप बे येथे उतरणाऱ्या ब्रिटिश तुकडीच्या डोक्यावरून अर्जेंटिनाच्या सैनिकांनी मशीनगन चालवली.

३/ १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात बारा देशांच्या शास्त्रज्ञांनी तेथे संशोधन केले. त्याच बारा देशांनी १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये करारावर सह्या केल्या. लष्करी कारवाया आणि अणुस्फोट यांवर बंदी आली.

४/ कराराचा कणा म्हणजे कलम ४. जुने दावे मान्यही नाहीत आणि रद्दही नाहीत. नवा दावा मात्र करता येणार नाही. भांडण मिटले नाही, ते गोठवले गेले.

५/ खनिजांविषयी मात्र करारात एक शब्दही नव्हता. १९७३ च्या तेलसंकटानंतर ही उणीव जाणवू लागली. अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर जून १९८८ मध्ये वेलिंग्टन येथे खनिज करार संमत झाला. तो खाणकाम रोखणारा नव्हता, त्याला नियम घालून देणारा होता.

६/ या वाटाघाटींत भारतही होता. १९८१ मध्ये गोव्याहून आपली पहिली मोहीम निघाली आणि १९८३ मध्ये भारताला निर्णयप्रक्रियेत मताधिकार मिळाला.

७/ जानेवारी १९८९. ‘बाहिया पाराइसो’ हे अर्जेंटिनाचे जहाज अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ खडकावर आदळले आणि डिझेल समुद्रात पसरले. दोनच महिन्यांनी अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ची तेलगळती झाली. लोकमत पालटले.

८/ त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी खनिज कराराला मान्यता नाकारली. दावेदार देशांच्या संमतीवाचून तो लागू होणे शक्यच नव्हते. पर्यावरणाची कळकळ होतीच. पण ऑस्ट्रेलिया स्वतः मोठा खनिज निर्यातदार होता, हेही ध्यानात ठेवावे.

९/ त्याच्या जागी ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिद येथे पर्यावरण संरक्षणाच्या मसुद्यावर सह्या झाल्या. वैज्ञानिक संशोधन वगळता खनिजविषयक प्रत्येक कृतीवर बंदी आली. मसुदा १९९८ मध्ये लागू झाला.

१०/ मग २०४८ कुठून आले? लागू झाल्यापासून ५० वर्षांनी मताधिकार असलेला कोणताही देश फेरविचार परिषदेची मागणी करू शकतो, इतकेच. बंदी आपोआप उठत नाही. ती उठवण्यासाठी खाणकामाचे नियमन करणारी बंधनकारक व्यवस्था आधी हवी आणि १९९१ मध्ये मताधिकार असलेल्या सर्व २६ देशांची मान्यताही हवी.

११/ त्या २६ देशांत भारत आहे. म्हणजे एकट्या भारताचा नकारही अशी दुरुस्ती रोखू शकतो. मात्र एक पळवाट उरते : संमत झालेली दुरुस्ती तीन वर्षांत लागू झाली नाही, तर नाराज देश मसुद्यातून बाहेर पडू शकतो.

१२/ म्हणून २०४८ ही कराराची अखेर नव्हे, त्याची कसोटी आहे. त्या वेळी निर्णयाच्या खुर्चीत आजची तरुण पिढी असेल. तिने हा इतिहास जाणलेला असावा.