पहिल्या वेलांटीची जागा

पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ साली जन्मलेले विनायक नरहरी भावे, म्हणजे विनोबा. आणि ज्यांचे बालपण रोह्याशी जोडलेले आहे ते चिंतामण द्वारकानाथ देशमुख. दोन्ही नावे गणपतीची आणि दोन्हींचा आरंभ पहिल्या वेलांटीने. ही वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, कागदावर मात्र त्याच्या आधी उभी राहते. विसाव्या शतकातल्या लिपिसुधारकांना ही विसंगती फार खुपली.

१९५३ साली लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे न्यावी असे ठरवले. वाचकांच्या डोळ्यांना ते रुचले नाही आणि १९५७ मध्ये वेलांटी जुन्या जागी परतली. स्वतः विनोबांनी 'लोकनागरी' पुढे मांडली. तिच्यात जोडाक्षरे मोडून हलन्त चिन्ह वापरले जाई. या साऱ्या खटाटोपामागे शिकणाऱ्याची सोय होती, तशीच यंत्राचीही. शिशाच्या खिळ्यांत देवनागरी बसवणे जिकिरीचे होते. 'अखंड' टाइपात अक्षर आणि मात्रा एकाच खिळ्यावर असत, त्यामुळे खिळ्यांची संख्या वाढे. 'डिग्री' पद्धतीत मात्रांचे खिळे वेगळे, म्हणून जुळाऱ्याचे कष्ट वाढत. तेव्हा लिपीनेच यंत्रापुढे नमते घ्यावे, हा विचार स्वाभाविक वाटे.

हे गृहीतक मोडले ते छपाईयंत्राशी बोलण्याच्या भाषांनी. १९८४ मध्ये ह्युलेट-पॅकार्डचा लेझरजेट आला, आणि त्याच साली अडोबीची पोस्टस्क्रिप्ट. लेझरजेटच्या पीसीएल या भाषेत 'एस्केप' या खुणेमागोमाग आज्ञा येते: डावीकडून इतके ठिपके, वरून इतके ठिपके, इथे अक्षर ठेव, इथे रेघ भर. इंचाला असे ३०० ठिपके. पोस्टस्क्रिप्ट पानाच्या डाव्या तळकोपऱ्यापासून मोजते, इंचाचे ७२ भाग करते. 'मूव्हटू' म्हणजे तिथे जा, 'लाइनटू' म्हणजे तिथवर रेघ, 'शो' म्हणजे अक्षर उमटव. पान म्हणजे आता चौकटीत कसलेले खिळे नव्हेत, तर आलेखाचा कागद. त्यावर वेलांटी आधी ठेवली काय, मागे सरकून ठेवली काय, यंत्राला सारखेच. उच्चाराचा क्रम संगणकाच्या स्मृतीत जपायचा (१९९१ च्या 'इस्की' या भारतीय प्रमाणकाने तेच केले) आणि दिसण्याचा क्रम छापताना लावायचा, अशी वाटणी शक्य झाली. ज्यासाठी लिपी बदलायला निघालो होतो, ते तिला न बदलता साधले.

पण या सोयीची किंमत आपणच मोजतो आहोत. या भाषांना ठावठिकाणा कळतो, शब्द कळत नाही. पोस्टस्क्रिप्टच्याच कुळातल्या, १९९३ मध्ये आलेल्या पीडीएफमधली कित्येक मराठी पुस्तके पडद्यावर देखणी दिसतात. पण त्यांतले वाक्य उचलून दुसरीकडे ठेवावे, तर वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटतात. शोध घ्यावा तर 'विनोबा' सापडत नाहीत, 'चिंतामण'ही नाही. पान राहिले, पाठ हरवला. साहित्याच्या अभ्यासकाला पाठ हवा असतो. म्हणून जुने ग्रंथ संगणकावर आणताना नुसते पान जसेच्या तसे दिसते ना, एवढे पाहून भागणार नाही. पहिली वेलांटी आत कुठे ठेवली आहे, हेही विचारले पाहिजे.