मोडशीचे बारसे

उलट्या-जुलाब सुरू झाले की 'मोडशी झाली' असे आपल्या आज्या म्हणत. हाच शब्द गोव्यात पोर्तुगीजांच्या कानी पडला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात कॉलऱ्याला 'मोर्शी' म्हटले आहे. पुढे त्याचे 'मोर्देशीं' झाले, आणि फ्रेंचांनी तर 'मोर द शियँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', करून टाकले!

गंमत खरी, पण मोजदाद करणाऱ्याला हीच डोकेदुखी. इंग्लंडमध्ये १८३७ पासून मृत्यूंची सरकारी नोंद सुरू झाली. त्या कचेरीतील विल्यम फार यांनी १८३९ च्या अहवालातच तक्रार केली, की एका रोगाला तीन-चार नावे आहेत आणि एकच नाव अनेक रोगांना दिले जाते. विज्ञानात वजन-मापांचे जे महत्त्व, तेच इथे नावांचे.

त्याचा उपयोग १८५४ च्या लंडनमधील साथीत दिसला. थेम्सच्या दक्षिणेला एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ होते. लँबेथ कंपनी शहराच्या वरच्या अंगाचे पाणी घेई, तर साउथवर्क-व्हॉक्सहॉल कंपनी गटारे मिसळलेले. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची यादी घेऊन घरोघर चौकशी केली. भाडेकरूंना कंपनीचे नाव कुठले ठाऊक! पाणीपट्टी बहुधा घरमालक भरी. मग स्नो पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घालून क्षार पाहात. दुसऱ्या कंपनीच्या पाण्यात ते कितीतरी पट जास्त. पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे त्या कंपनीकडे ३१५ मृत्यू, लँबेथकडे ३७. ऑगस्टअखेरपासून तर सरकारी निबंधकही मृत्यूच्या नोंदीबरोबर पाण्याची कंपनी लिहू लागले. दोन कोष्टके जोडायची तर दोन्हीकडे नाव एकच हवे, हे आम्हा संगणकवाल्यांचे रोजचे रडगाणे त्यांनी शाई-टाकावर सोडवले.

रोगाच्या रकान्याचे पुढे भले झाले. १८५३ च्या ब्रुसेल्स परिषदेने समान यादीचे काम फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पीन यांच्याकडे सोपवले, १८९३ मध्ये बर्तियाँ यांची यादी आली, १९४८ पासून ते काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. तिच्या दहाव्या आवृत्तीत कॉलरा म्हणजे 'ए००', अकराव्यात '१ए००'.

पाण्या-हवेच्या रकान्याचे घोडे मात्र अडलेलेच. रसायनांना १९६५ पासून कॅस क्रमांक मिळाले, पण 'घरातली हवा' म्हणजे स्वयंपाकघरातली की झोपण्याच्या खोलीतली, नमुना तासाचा की दिवसभराचा, हे प्रत्येक संशोधक आपापल्या शब्दांत लिहितो. अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरण आरोग्य विज्ञान संस्थेने या शब्दांच्या एकवाक्यतेसाठी सामूहिक उपक्रम सुरू केला, तो २०२१ मध्ये.