खलपात्र (मानसशास्त्रीय थरारकथा)

मानसशास्त्रीय थरारकथेतील खलपात्र म्हणजे ज्याच्या मनोव्यापारांवर कथेतील ताण मुख्यतः उभा असतो असे प्रतिकूल पात्र. रहस्यकथेत ‘गुन्हा कोणी केला’ हा प्रश्न अखेरपर्यंत ताणला जातो. मानसशास्त्रीय थरारकथेत गुन्हेगार पुष्कळदा आरंभीच ओळखीचा असतो. तो असा का वागतो आणि पुढे कोणत्या थराला जाईल, ही उत्सुकता वाचकाला बांधून ठेवते. त्यामुळे या प्रकारात खलपात्र उथळ असेल, तर कथानक कितीही गुंतागुंतीचे असले तरी कथा उभी राहत नाही.

मराठीत अशा पात्रासाठी खलनायक, खलनायिका, खलपुरुष आणि प्रतिनायक हे शब्द वापरले जातात. त्यांपैकी ‘प्रतिनायक’ ही संस्कृत नाट्यविचारातील संज्ञा आहे. दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपक’ या ग्रंथात प्रतिनायक लोभी, धीरोद्धत, हट्टी, पापी आणि व्यसनी असतो, असे वर्णन आहे. ही दोषांची यादी आहे. ते दोष त्याच्यात कसे आले याची चौकशी तेथे नाही. ती चौकशी आधुनिक कथेने सुरू केली.

घडण

खलपात्राच्या घडणीत सर्वांत महत्त्वाची असते ती त्याची स्वतःपुरती न्यायबुद्धी. आपण दुष्ट आहोत असे मानून वागणारा माणूस विरळा. बहुतेक खलपात्रे स्वतःला फसवले गेलेले, डावलले गेलेले किंवा इतरांपेक्षा अधिक जाणते समजतात. दस्तयेवस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) या कादंबरीतील रास्कोलनिकोव्ह खुनाआधी स्वतःशी एक तत्त्वज्ञान रचतो. असामान्य माणसाला सामान्य नियम लागू नसतात, असे त्याचे म्हणणे. पॅट्रिशिया हायस्मिथच्या १९५५ सालच्या कादंबरीतील टॉम रिप्ली याला तेवढ्याही तत्त्वज्ञानाची गरज वाटत नाही. त्याला दुसऱ्याचे आयुष्य हवे असते, आणि ते आपल्याला अधिक शोभेल याची त्याला खात्री असते. ही खात्री वाचकाला क्षणभर पटते आणि त्याला स्वतःचीच भीती वाटू लागते.

दुसरा घटक म्हणजे जुनी जखम. अपमान, नकार किंवा बालपणीचे दुःख देऊन खलपात्राला पार्श्वभूमी पुरवण्याची पद्धत आता इतकी रूढ झाली आहे की तिचा साचाच बनला आहे. जखमेने कृत्य समजते, परंतु त्याचे समर्थन होत नाही. लेखक हा फरक विसरला की शेवटच्या प्रकरणात एखादे दुःखी बालपण सांगून सगळा हिशेब मिटवला जातो. तीच जखम झालेली दुसरी व्यक्ती कथेत असेल आणि तिने वेगळा मार्ग निवडला असेल, तर खलपात्राची निवड ही निवड म्हणून दिसते.

तिसरा घटक कथनाचा आहे. खलपात्राला स्वतः बोलू दिले की वाचक त्याच्या तर्कात ओढला जातो. याचे एक जुने उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. निजामाच्या सेवेत असलेला आणि काही काळ नळदुर्ग येथे राहिलेला इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अमीर अली हा ठग एका साहेबाला आपली हकिकत सांगतो. तो प्रेमळ पिता आहे, बोलण्यात मिठ्ठास आहे, आणि आपले काम कुशलतेने केल्याचा त्याला अभिमान आहे. ज्याने त्याला मुलाप्रमाणे वाढवले, तोच त्याच्या जन्मदात्यांचा खुनी असतो. पुढे अमीर अलीच्या हातून नकळत स्वतःच्या बहिणीचा खून होतो. समोरचा साहेब फारसे बोलत नाही, त्यामुळे निवाडा वाचकावर येऊन पडतो. ठगांविषयीच्या वासाहतिक नोंदी अतिरंजित असल्याचे अनेक इतिहासकारांनी पुढे दाखवले आहे, म्हणून ही कादंबरी इतिहास म्हणून वाचता येत नाही. कथनतंत्राचा नमुना म्हणून मात्र ती आजही टिकून आहे.

मराठीतील परंपरा

मराठीत गुंतागुंतीचे खलपात्र प्रथम रुजले ते रंगभूमीवर. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला पाहिले आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. या खलपात्राचे सामर्थ्य राजकीय आहे. त्याच्या मनात फार खोल उतरण्याचे कारण नाटककाराला पडले नाही. राम गणेश गडकरी मनात उतरले. ‘पुण्यप्रभाव’ (१९१६) मधील वृंदावन हा नाकारला गेलेला प्रेमिक सूडाच्या वाटेवर जातो. ‘भावबंधन’मधील घनश्याम लतिकेने केलेली थट्टा विसरू शकत नाही आणि थंड डोक्याने एका कुटुंबाभोवती फास आवळत नेतो. घनश्यामाची बुद्धी आणि वाणी इतकी धारदार आहे की रंगमंचावर अनेकदा सज्जन पात्रे त्याच्यासमोर फिकी पडतात.

गेल्या शतकातील लोकप्रिय रहस्यकथेने वेगळी वाट धरली. एक हजारांहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या (१९०६–१९९६) कथांत झुंजार व काळापहाड यांसारखे कायद्याच्या कडेने वावरणारे नायक आहेत, पण त्यांच्याशी लढणारे दुष्ट बहुधा कथानकाच्या सोयीपुरतेच असतात. नारायण धारपांच्या भयकथांत दुष्टशक्ती माणसाबाहेरून येते आणि तिचा प्रतिकारही ‘समर्थ’सारखी असामान्य व्यक्ती करते. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी भय घरात आणले. तेथे धोका शेजारच्या खोलीत, नात्यात आणि नेहमीच्या बोलण्यात असतो. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये तर एकच खलपात्र काढून दाखवता येत नाही. खेळ म्हणून सुरू झालेल्या खटल्यात सभ्य माणसांचा घोळका एका स्त्रीची शिकार करतो.

ज्या एका पात्राचे नाव मराठीत फसवणुकीचा पर्याय झाले, ते म्हणजे आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) मधील लखोबा लोखंडे. फसवणुकीच्या प्रत्यक्ष घडलेल्या खटल्यावरून सुचलेले हे नाटक मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’ने रंगमंचावर आणले. त्यासाठी फिरता रंगमंच वापरण्यात आला आणि प्रभाकर पणशीकर पाच रूपांत उभे राहिले. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणवणारा हा आरोपी न्यायालयात एकामागून एक साक्षीदाराला सामोरा जातो आणि प्रत्येक ओळख नाकारतो. प्रेक्षकाला सत्य माहीत असते, तरी त्याच्या हजरजबाबीपणाला तो हसतो. हे हसू नाटकाचा खरा सापळा आहे. फसवल्या गेलेल्या स्त्रिया साक्षीसाठी उभ्या राहतात, तेव्हा आपण कोणाच्या बाजूने हसत होतो हे प्रेक्षकाला उमगते. अत्र्यांनी लखोबाला दुःखी भूतकाळ दिलेला नाही. तो का फसवतो याचे उत्तर त्याच्या पाच रूपांतच आहे: प्रत्येक रूप समोरच्याला नेमके काय हवे आहे हे ओळखून शिवलेले असते.

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) थरारकथा नाही, परंतु तिच्यात दुर्योधनाला प्रथमपुरुषी निवेदनाचा एक भाग दिलेला आहे. खलपुरुषाची बाजू त्याच्याच तोंडून ऐकण्याची सवय मराठी वाचकाला लावण्यात या कादंबरीचा वाटा मोठा आहे. राजदत्त दिग्दर्शित ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६) या चित्रपटाने पुण्यातील १९७६–७७ च्या हत्याकांडाचा आधार घेतला. सत्य घटनेवरील अशा कृतींबाबत एक आक्षेप सातत्याने घेतला जातो: मारेकऱ्याचा चेहरा लक्षात राहतो आणि मृतांची केवळ संख्या उरते.

खानदेश आणि ‘जन्मजात गुन्हेगार’

खलपात्र घडवण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग म्हणजे त्याचा दुष्टपणा जात, जमात, व्यंग किंवा मनोविकार यांना चिकटवणे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या इतिहासात या मार्गाचे परिणाम स्पष्ट दिसतात. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा सातपुड्यातील भिल्लांची नोंद सरकारी कागदांत लुटारू म्हणून होत राहिली. १८२५ मध्ये धरणगाव येथे जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभारली, तेव्हा त्याच समाजातील माणसे शांतता राखणारी ठरली. माणसे तीच होती; नोंद करणाऱ्याची गरज बदलली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याला कायद्याचे रूप दिले. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी रहस्यकथा व चित्रपटांतील ‘टोळीवाला’ त्यानंतरही बराच काळ त्याच साच्यातून निघत राहिला.

खाज्या नाईकाचे चरित्र हा साचा मोडते. सेंधवा घाटाच्या रखवालीवर तो अनेक वर्षे इंग्रजांच्या नोकरीत होता. पकडलेल्या एका संशयिताच्या मृत्यूवरून त्याला तुरुंगवास झाला, आणि सुटकेनंतर पुन्हा कामावर घेतले गेले. १८५७ मध्ये त्याने बंड पुकारून सरकारी खजिना लुटला. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीची लढाई झाली आणि १८६० मध्ये विश्वासघाताने त्याची हत्या झाली. सरकारी दप्तरात तो दरोडेखोर आहे, तर लोकस्मृतीत क्रांतिकारक. त्याला खलपात्र म्हणणे चुकीचे ठरेल. पण रखवालदार आणि लुटारू ही दोन्ही नावे एकाच माणसाला कोण, केव्हा आणि कशासाठी देतो, हा प्रश्न कोणत्याही थरारकथाकाराला येथून उचलता येतो.

मनोविकाराबाबतही हेच म्हणावे लागते. रॉबर्ट ब्लॉकच्या ‘सायको’ (१९५९) आणि तिच्यावरील हिचकॉकच्या चित्रपटानंतर (१९६०) दुभंगलेले मन हे खुनाचे तयार स्पष्टीकरण बनले. मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती हिंसक नसतात. आजाराचे नाव घेतले की लेखकाचे हेतू शोधण्याचे श्रम वाचतात, आणि पात्र तेवढेच पातळ होते.

भाषा

लखोबा रूपाबरोबर बोलण्याची ढबही बदलतो. बोली हे मुखवट्याचे साधन होऊ शकते, याची मराठीतील ही ठळक खूण आहे. खानदेशात धुळे व जळगावच्या पश्चिम भागात अहिराणी, तर यावल, रावेर, भुसावळ परिसरात लेवा गणबोली बोलली जाते. शाळा-कचेरीत प्रमाण मराठी आणि घरी बोली, असा दुहेरी व्यवहार येथील बहुतेकांच्या अंगवळणी पडलेला असतो. करमणुकीच्या माध्यमांनी अहिराणीचा उपयोग मुख्यतः विनोदासाठी केला. बैठकीत सावकाश, शुद्ध मराठीत ठेवीदारांना धीर देणारा आणि रात्री आईशी अहिराणीत जिव्हाळ्याने बोलणारा माणूस खलपात्र म्हणून उभा केला, तर दोन्ही आवाज खरे असतात आणि त्यांतला कोणता खोटा हे वाचकाला ठरवता येत नाही.