ओट्यावरून लिफ्टमध्ये

स्मरणिका समितीने सोसायटीच्या इतिहासावर लेख मागितला, तेव्हा पाण्याची टाकी, लिफ्ट आणि कन्व्हेअन्स हे मानाचे विषय आधीच वाटले गेले होते. म्हणून मी पंचवीस वर्षांची इतिवृत्तं घेऊन बसलो. कन्व्हेअन्सच्या खालोखाल सर्वात जास्त पानं कशावर खर्ची पडली असतील? जिन्यात कोणाच्या कुत्र्याने काय केलं, यावर! तेव्हा हा विषय मीच घेतला. नाकं मुरडू नयेत.

कुत्रा आपल्याकडे नवा नाही. नगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यातल्या बैल जोडलेल्या रथाच्या दांडीवर चक्क एक कुत्रा उभा आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. खंडोबाबरोबर कुत्रा, दत्ताच्या पायाशी चार. पण या सगळ्या काळात 'पिल्लाला शू कुठे करायची ते कसं शिकवावं' हा प्रश्न कोणाला फारसा पडला नसावा. कुत्रा ओट्यावर झोपायचा, अंगणात वाढायचा, परसात जाऊन यायचा. घरात त्याला प्रवेशच नव्हता, मग घर घाण कसं होणार? हा प्रश्न दाराला लॅच लागलेल्या घरांबरोबर आला.

शहराने मात्र कुत्र्यांचा त्रास आधीच करून घेतला होता. मुंबईत कंपनी सरकारने उनाड कुत्री मारायचा हुकूम काढला, दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं. पैसे मिळतात म्हटल्यावर लोक घरात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. जून १८३२ मध्ये पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, त्यांना हिंदू, जैन आणि मुसलमानही येऊन मिळाले, दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या गोऱ्या फौजेची रसद अडली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईची पांजरापोळ उभी केली. कुत्रं कोणाचं आणि त्याची जबाबदारी कोणाची, हा आपल्या सर्वसाधारण सभेतला वाद आहे तो इतका जुना आहे.

आता शिकवण्याचा इतिहास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कॉनराड मोस्ट नावाच्या अधिकाऱ्याने पोलीस आणि लष्करी कुत्र्यांसाठी पुस्तक लिहिलं (१९१०). त्यात बक्षीस होतं, पण हिसका आणि जबरदस्तीही भरपूर. घरोघरी त्यातला दुसरा भागच तेवढा रुजला. 'नाक घासा त्याचं तिथे, आपोआप शिकेल' हा सल्ला आपल्या आवारातही मी किती तोंडांतून ऐकलाय! १९५१ मध्ये स्किनर या मानसशास्त्रज्ञाने जनावरांना कसं शिकवावं यावर सोपा लेख लिहिला: हवी ती गोष्ट घडली की त्याच क्षणी खूण आणि खाऊ द्या. १९८४ च्या कॅरन प्रायर यांच्या पुस्तकाने ही रीत सामान्य घरांत नेली. पण कागदावरची रीत आणि तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट यांत अंतर असतं.

पिल्लाचं शरीर काय सांगतं ते पाहा. तीनेक आठवड्यांचं झालं की ते झोपायची जागा सोडून बाजूला जाऊन शू करू लागतं. म्हणजे स्वच्छतेची निम्मी शिकवणी आईच्या कुशीतच झालेली असते. दोन महिन्यांचं पिल्लू मात्र फार तर दोन-तीन तास तग धरतं. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं, की लगेच न्यायचं. त्या जागी झालं की तिथल्या तिथे शाबासकी. घरी आल्यावर दिलेला बिस्कीटचा तुकडा त्याला घरी येण्याचं बक्षीस वाटतो! चुकलं तर ओरडायचं नाही. ओरडलं की ते शू करणं थांबवत नाही, फक्त आपल्यासमोर करणं थांबवतं आणि सोफ्यामागे जातं. आणि फिनेलवर विसंबू नका. फिनेलचा वास आपल्याला येतो, पिल्लाला त्याच्या खालचाही येतो.

हे कोणी सांगायला नव्हतं तेव्हाची गोष्ट २००९ ची. ए विंगमधल्या आजोबांकडे, आजी गेल्यावर, मुलाने लॅब्रॉडॉरचं पिल्लू आणून ठेवलं. गुडघेदुखीमुळे आजोबांना खाली उतरायला वेळ लागे. पिल्लू जिन्यातच करायचं. तीन तक्रारी, एक नोटीस आणि शेवटी ठराव: 'सदर कुत्रा आवारातून हलविण्यात यावा.' बावीस विरुद्ध चार. पिल्लू गावाकडे गेलं. त्यानंतर आजोबा संध्याकाळच्या कट्ट्यावर आलेले कोणाला आठवत नाहीत. इतिवृत्तात हा विषय साडेचार ओळींत संपतो. पुढचा विषय पार्किंगचे पट्टे. माझ्या मते आपल्या पंचवीस वर्षांतला तो सर्वात वाईट ठराव. दिवसातून चार वेळा पिल्लाला खाली न्यायला आळीपाळीने दोन मुलं मिळाली असती तर काम भागलं असतं.

२०१५ साली भारतीय पशुकल्याण मंडळाचं परिपत्रक आलं. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, मात्र घाण उचलणं मालकांनी सांभाळावं. आपल्या चेअरमन मॅडमनी ते सभेत मोठ्याने वाचलं. 'मग आमच्या नाकाचं काय?' असं कोणीतरी म्हणालंच. त्या सभेतून मागच्या गेटजवळचा मातीचा तुकडा, पिशव्यांचा डबा आणि 'कुत्र्याबरोबर खुरपं' हा अलिखित नियम निघाला. तक्रारींची पानं तेव्हापासून वर्षाला एखाद-दुसरं. ठराव रद्द करायला मात्र २०१८ उजाडलं.

गेल्या महिन्यात सी विंगच्या सहाव्या मजल्यावर नवीन पाहुणी आलीय, अडीच महिन्यांची. लसी पूर्ण होईपर्यंत तिला खाली आणायचं नाही, म्हणून बाल्कनीत पेपर अंथरतात. दोघे नवरा-बायको बातम्या फोनवर वाचणारे, रद्दी येणार कुठून? आमच्या मजल्यावर अजून पेपर घेणारा मी एकटाच. दर रविवारी गठ्ठा वर पोहोचवतो. अग्रलेखाचं पान तेवढं काढून ठेवतो.