गोठलेली माणसे : कॅलिफोर्निया, १९८२

१/ जुलै १९८२. सॅन होजे येथील रुग्णालयात चाळिशीतला एक रुग्ण आणला गेला. डोळे उघडे, देह मात्र पुतळ्यासारखा ताठ. मुखातून शब्द नाही. हा मनोविकार की मेंदूचा आजार, यावर डॉक्टरांत बराच खल झाला.

२/ मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम लँगस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांना त्याची बोटे किंचित हलताना दिसली. हाती पेन्सिल देताच त्याने अतिशय सावकाश लिहून कळवले, की आपल्याला सारे उमजते, पण शरीर ऐकत नाही.

३/ त्याच्या मैत्रिणीचीही तीच अवस्था होती. जवळच्या एका गावात दोन तरुण भाऊ तसेच जखडलेले आढळले. लक्षणे उतारवयातील कंपवाताची, रुग्ण मात्र तरुण वा मध्यमवयीन. समान दुवा एकच : रस्त्यावर नव्याने विकले जाणारे कृत्रिम हेरॉइन.

४/ त्या पुडीत ‘एमपीपीपी’ हे गुंगीचे द्रव्य असणे अपेक्षित होते. बनवताना झालेल्या चुकीमुळे तिच्यात ‘एमपीटीपी’ हे विष उतरले. घेणाऱ्याला ते ओळखण्याचे कोणतेही साधन नव्हते.

५/ हे विष मेंदूत शिरले, की तेथील एक विकर त्याचे घातक रूप घडवते. ते डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते आणि मनातली इच्छा स्नायूंपर्यंत पोहोचेनाशी होते.

६/ पूर्वसूचना मिळालेली होती. १९७६ मध्ये मेरीलँडमधील रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला असेच द्रव्य स्वतः बनवून घेतल्यावर हाच विकार जडला होता. त्यावरील शोधनिबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला; पण तो मोजक्या तज्ज्ञांपुरताच राहिला.

७/ लँगस्टन यांनी वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीवरून जाहीर इशारा दिला. त्यातून आणखी रुग्ण उजेडात आले आणि जुन्या निबंधाचा धागाही सापडला. तीव्र लक्षणांचे एकूण सात रुग्ण नोंदले गेले.

८/ लेव्होडोपा या औषधाने गोठलेले देह पुन्हा हलू लागले. परंतु लवकरच अनावर हालचाली आणि भास सुरू झाले. मेलेल्या पेशी परत येणार नव्हत्या. शुश्रूषा जन्मभराची होती. दोघांच्या मेंदूत स्वीडनमधील लुंड येथे भ्रूणपेशींचे रोपण झाले. त्यांच्या सुधारणेचा अहवाल १९९२ साली प्रसिद्ध झाला.

९/ बंदी असलेल्या द्रव्याच्या रेणूत किंचित फेरफार करून कायद्याला बगल देण्याची ही पळवाट अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने बुजवण्याचा प्रयत्न केला. मात्र, पुडीतील भेसळ ओळखण्याचे साधन त्यानेही घेणाऱ्याच्या हाती आले नाही.

१०/ एमपीटीपीमुळे माकडांत कंपवात निर्माण करून त्याचा अभ्यास करणे शक्य झाले. नवे उपचार आजही या प्रारूपावर पारखले जातात. जगभरच्या कंपवाताच्या रुग्णांसाठी चाललेल्या या संशोधनामागे, समाजाने ‘गर्दुल्ले’ म्हणून झिडकारलेल्या सात जणांची यातना आहे.