अलेप्पो, परळ आणि घाटकोपर : म्हाताऱ्या हॅमस्टरच्या शुश्रूषेचा इतिहास

(दीर्घ थ्रेड)

१/
हॅमस्टरचे आयुष्य साधारण दोन ते तीन वर्षांचे असते. दीड वर्ष उलटले की त्याच्या पाठीवरचे केस विरळ होऊ लागतात, डोळ्यांत मोतीबिंदूची राखाडी झाक उतरते आणि रात्रभर फिरणारे चाक थांबते. अंधेरी-बोरिवली किंवा मुलुंड-घाटकोपरच्या एखाद्या सदनिकेत हा मूठभर जीव असा थकला, की घरात प्रश्न उभा राहतो: आता याचे काय करायचे? या प्रश्नाला मुंबईत जवळजवळ दोनशे वर्षांची परंपरा आहे. प्राणी तेवढे बदलत गेले.

२/
आधी या पाहुण्याची ओळख. आपल्याकडे पाळला जाणारा सोनेरी हॅमस्टर मूळचा उत्तर सीरियातील अलेप्पो परिसरातला. अलेप्पोच्या निसर्गेतिहासावरील रसेल बंधूंच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १७९४ मध्ये निघाली, तीत त्याचे वर्णन आहे. एका हॅमस्टरच्या गालातील पिशव्या उघडून पाहिल्या, तर त्यांत कोवळ्या शेंगा आडव्या-उभ्या न कोंबता ओळीने रचून ठेवलेल्या आढळल्या, अशी त्यात नोंद आहे.

ही आवृत्ती सिद्ध करणारा पॅट्रिक रसेल त्याआधी ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत विशाखापट्टणमला होता आणि भारतातील सापांवर त्याने मोठे काम केले. आपल्या घोणशीच्या इंग्रजी नावात जो ‘रसेल’ आहे, तो हाच. बोरिवलीच्या रानातली घोणस आणि बोरिवलीच्या घरातला हॅमस्टर यांना जोडणारा माणूस एकच निघावा, हा इतिहासाचा एक गमतीदार योग.

३/
शास्त्रीय नाव मिळाले १८३९ मध्ये. ते वॉटरहाउस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने दिले. त्यानंतर जवळजवळ शतकभर या प्राण्याकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. एप्रिल १९३० मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील इस्रायल अहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या एका शेतातील बीळ खणवले. आत एक मादी आणि अकरा पिल्ले होती. भेदरलेल्या मादीने एक पिल्लू मारले, तेव्हा उरलेली वाचावीत म्हणून तिलाच मारण्यात आले. पुढे काही पिल्ले पळाली, काही दगावली. जी मोजकी उरली त्यांच्यात, म्हणजे सख्ख्या भावंडांतच, वंश वाढवला गेला. जगभरातील पाळीव सोनेरी हॅमस्टर बहुतांशी त्याच एका बिळाचे वंशज आहेत.

४/
खटाटोप कशासाठी? सॉल अॅडलर यांच्या संशोधनासाठी. लेश्मानिया या परजीवीमुळे होणाऱ्या रोगांवर ते काम करत होते. त्यांतला सर्वांत घातक रोग जगभर ओळखला जातो तो ‘काळा आजार’ या भारतीय नावाने. चीनमधील हॅमस्टरला त्याची लागण होते हे ठाऊक होते. पण तो जेरुसलेममध्ये मिळवणे आणि वाढवणे जिकिरीचे होते. म्हणून जवळपासचा भाऊबंद शोधण्यात आला.

थोडक्यात, हॅमस्टर माणसाच्या सहवासात आला तो खेळगडी म्हणून नव्हे, रोगी म्हणून. प्रयोग संपला की बहुतेकांचे आयुष्यही संपे. रानातही म्हातारपण दुर्मीळच: घुबड, कोल्हा, शिवाय पीक राखणाऱ्या शेतकऱ्याचे विष. म्हणून असे म्हणता येते, की म्हातारा हॅमस्टर ही मुख्यतः माणसाच्या घराने घडवलेली गोष्ट आहे.

५/
आता मुंबई. भटक्या कुत्र्यांना मारण्याचा हुकूम कंपनी सरकारने काढला होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीसही ठेवले होते. ६ जून १८३२ रोजी फोर्ट भागात पोलिसांची माणसे कुत्री मारू लागली, तेव्हा पारशी जमाव त्यांच्यावर धावून गेला. झरतुष्ट्री धर्मात कुत्र्याला अंत्यविधीतही मान असतो. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू आणि जैन व्यापारीही त्यात सामील. फोर्टमधल्या गोऱ्या वस्तीला त्या दिवशी पाव मिळणे मुश्कील झाले.

दंगल मोडली गेली, परंतु प्रश्न उरला: ज्या जनावराचा कोणाला उपयोग नाही, त्याला शहरात जगण्याची जागा आहे का?

६/
उत्तर १८३४ मध्ये मिळाले. जमशेटजी जीजीभॉय हे पारशी आणि मोतीचंद अमीचंद, म्हणजेच शेठ मोतीशा, हे जैन. या दोन धनिकांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. चेंबूरच्या पांजरपोळ चौकातून रोज हजारो वाहने जातात. त्या नावामागे हाच इतिहास आहे.

पांजरपोळ ही कल्पना मात्र जुनी, गुजरातेतली. सुरतच्या अशाच संस्थेवर अलेक्झांडर बर्न्सने लिहिलेले टिपण १८३४ मध्येच प्रसिद्ध झाले. तिथे त्याला एक आंधळे म्हातारे कासव भेटले. ते ७५ वर्षे तिथेच असल्याचे त्याला सांगण्यात आले. उंदरांची आणि धान्यातल्या किड्यांचीही तिथे सोय होती. बर्न्सला हे सारे विलक्षण वाटले. पण उंदराच्या कुळातल्या जिवाला म्हातारपणी सांभाळणे हा उपनगरांतला नवा शौक आहे, असे समजणाऱ्यांनी सुरतेचे ते दालन जरूर आठवावे.

७/
पांजरपोळीचा नियम साधा: जीव आहे तोवर चारा-पाणी द्यायचे, मरण त्याच्या वेळेला येईल. युरोपियन टीकाकारांचा आक्षेपही तितकाच साधा होता: असाध्य रोगाने तडफडणाऱ्या जनावराला नुसते ठेवून घेणे ही दया कशी? आक्षेपात साम्राज्याची घमेंड होती, तसे तथ्यही होते. पांजरपोळीत आसरा होता; वैद्यक फारसे नव्हते.

ती उणीव परळने भरून काढली. १८७४ मध्ये प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवण्यासाठी मुंबईत संस्था निघाली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावे बाई साकरबाई रुग्णालय १८८३ मध्ये उभे राहिले आणि १८८६ मध्ये त्याच्या आश्रयाने पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील. रुग्ण मुख्यतः बैल आणि घोडे, म्हणजे ज्यांच्या पायांवर शहराची वाहतूक उभी होती ते. उपचार करायचे, बरे करून पुन्हा कामाला लावायचे. दयेबरोबर इथे उपयोगाचाही हिशेब होता.

८/
त्याच परळमध्ये, अगदी हाकेच्या अंतरावर, उंदराच्या वाट्याला निराळेच काही आले. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उघड झाला. १८९९ पासून हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात भरू लागली. पुढे प्लेग संशोधन आयोगाने प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा मोजल्या आणि उंदीर-पिसू-माणूस ही साखळी पक्की केली. शहरभर पिंजरे लागले. उंदीर मारण्यास काही जैन व हिंदू कुटुंबांनी नकार दिला, याबद्दल अधिकारी वैतागलेले दिसतात.

एका आवारात लंगड्या बैलाला मलमपट्टी आणि शेजारच्या आवारात उंदरांचे शवविच्छेदन. मुंबईची प्राणिदया कधीच सरळ रेषेत चाललेली नाही.

९/
आसरा की सुटका, या वादाला सर्वांत तीव्र रूप आले १९२८ मध्ये. साबरमती आश्रमात असह्य वेदनांनी तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींच्या संमतीने इंजेक्शन देऊन मरण देण्यात आले. गुजरातभर, विशेषतः जैन समाजात, संतापाची लाट उसळली. गांधीजींनी माघार घेतली नाही. स्वार्थाशिवाय, केवळ त्या जिवाच्या शांतीसाठी दिलेले मरण ही हिंसा नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. विरोधकांचे म्हणणेही हलके नव्हते: जीवन आपण दिलेले नाही, तर ते संपवण्याचा निवाडा आपण कसा करणार?

घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती-जैन घरांत आज हॅमस्टरच्या पिंजऱ्याशेजारी हाच वाद दबक्या आवाजात होऊ शकतो, आणि त्यात कोणी अडाणी नसतो.

१०/
१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने दोन्ही बाजूंना जागा ठेवली. कलम ११ नुसार प्राण्याला अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे आणि पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा मालकाचा गुन्हा. कलम १३ मध्ये यातना भोगणाऱ्या प्राण्याला मरण देण्याची तरतूद. दंड मात्र आजही पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. पिंजऱ्यात घालायच्या कागदी भुशाची पिशवीही तेवढ्यात येत नाही.

११/
मग प्रत्यक्ष शुश्रूषा कशी? इथेही हॅमस्टरचे मूळ गाव विसरून चालत नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस जर्मन संशोधकांनी अलेप्पोच्या शेतांतील बिळे मोजली, तेव्हा ती ३६ ते १०६ सेंटिमीटर खोल भरली. वर रणरणते ऊन, खाली गारवा आणि अंधार. मुंबईच्या मे महिन्यातला पश्चिमेकडचा सज्जा म्हणजे त्या बिळाचे दुसरे टोक. म्हाताऱ्या हॅमस्टरला उष्माघात लवकर गाठतो. पिंजरा घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, पंख्याचा झोत थेट अंगावर येणार नाही असा, आणि आत पहुडायला फरशीचा गार तुकडा.

मजल्यांचा पिंजरा असेल तर वरचे मजले काढावेत. मोतीबिंदू झालेला जीव पडतो. पण सामानाची जागा बदलू नये, कारण तो आता नाकाने आणि सवयीने घर ओळखतो. पाण्याची नळी खाली आणावी किंवा जोडीला उथळ वाटी द्यावी. समोरचे दात आयुष्यभर वाढतात. म्हातारपणी झीज कमी पडली तर ते वाकडे वाढून खाणेच थांबते. दाणे कुरतडता येत नसतील तर त्याचेच खाद्य पाण्यात मऊ करून द्यावे. कापसाचे अंथरूण नको, तंतू पायात अडकतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करावे: शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या देहात दहा ग्रॅमची घट म्हणजे मोठी बातमी. आणि सोबतीला दुसरा हॅमस्टर कदापि आणू नये. हा एकटा राहणारा प्राणी आहे; आपला एकटेपणा त्याच्यावर लादू नये.

१२/
म्हातारपणी त्याला काय होते, हे ज्ञानही प्रयोगशाळेतूनच आले. मूत्रपिंडांत साचणारे अमायलॉइड, हृदयाच्या कप्प्यात होणाऱ्या गाठी, अंगावरचे अर्बुद ही नोंद, वय होईपर्यंत ठेवलेल्या प्रयोगप्राण्यांची. त्यांतले बरेचसे बरे होत नाही. वेदना कमी करता येतात. बैल-घोड्यांपासून सुरू झालेल्या आपल्या पशुवैद्यकात एवढ्या लहान जिवाचे जाणकार अजून थोडे आहेत. म्हणून असा पशुवैद्य प्राणी तरुण असतानाच शोधून ठेवलेला बरा. खाणे सुटले, श्वास धापेचा झाला आणि उभे राहता येईनासे झाले, की पांजरपोळीचे उत्तर आणि परळचे उत्तर यांतले एक घरालाच निवडावे लागते. गुंगी देऊन शांतपणे मरण देणे हे पशुवैद्याचेच काम. घरगुती उपाय म्हणजे निव्वळ क्रूरता.

१३/
आणि त्यानंतर? पूर्वी चाळीमागे, वाडीत कुठेतरी आंब्याखाली खड्डा खणता येई. बहुमजली उपनगरात माती सोसायटीची आणि कुंडी खिडकीतली. २०२३ मध्ये मुंबई महानगरपालिकेने मालाड पश्चिमेला लहान प्राण्यांसाठी वायूवर चालणारी दहनाची सोय सुरू केली. ती उभारली आहे कोंडवाड्याच्या आवारात, जिथे मालक नसलेली मोकाट गुरे आणून बांधली जात.