गावाची नगरपंचायत झाली की काय मिळतं, काय सुटतं?

ग्रामपंचायतीच्या इमारतीवर नगरपंचायतीचा बोर्ड लागतो, आणि दुसऱ्या दिवशी गाव होतं तसंच असतं. तीच गटारं, तोच आठवडी बाजार, नळाला पाणी यायची वेळही तीच. पण सरकारी कागदावर ते गाव आता शहर झालेलं असतं. कोणती योजना लागू, कोणता कर, तक्रार कुणाकडे, हे सगळं त्या कागदावरून ठरतं.

घटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. गावाचं शहर होत असलेल्या वस्तीसाठी तिच्यात नगरपंचायत सांगितली आहे. लोकसंख्या, वस्तीची दाटी, स्थानिक उत्पन्न, शेतीबाहेरचा रोजगार या गोष्टी बघून राज्य सरकारने हे ठरवायचं असतं. महाराष्ट्रात २०१४ मध्ये तालुक्याच्या मुख्यालयाच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करण्याचा निर्णय झाला. त्यात चांगल्या बाजारपेठा आल्या, तशी तहसील कार्यालय सोडलं तर बाकी सगळं शेतीवरच चालणारी गावंही आली.

आधी फायदा बघू. पाण्याचा हिशोब सरळ आहे. गावासाठीच्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतात, शहरासाठी १३५ लिटरचं मानक आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या अमृत २.० मधून लहान शहरांनाही पाणीयोजना मिळू शकते. घरकुलाचंही तसंच. ग्रामीण आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा १ लाख मिळून अडीच लाख. मात्र ग्रामीणच्या यादीतलं नाव आपोआप शहरी यादीत जात नाही. अर्ज वेगळा करावा लागतो, जागेचा मालकी कागद लागतो आणि बांधकाम परवानगीही लागते. ज्यांच्या घराला नुसता आठ-अ चा उतारा आहे, तिथेच गाडी अडते.

मजुरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रोजगार हमीचा केंद्राचा कायदा ग्रामीण भागासाठी आहे. त्यातून होणारी विहीर, फळबाग, बांधबंदिस्ती यांचं पुढे काय, जॉब कार्डाचं काय, हे हद्द बदलायच्या आधीच पंचायत समितीत विचारलेलं बरं.

नगरपंचायत झाली की ग्रामसभा राहत नाही. गावात निदान उभं राहून सरपंचाला खर्चाचा हिशोब विचारता येतो, तो इतिवृत्तात लिहून घ्यायला लावता येतो. नगरपंचायतीत १७ नगरसेवक आणि एक मुख्याधिकारी असतात. प्रभाग समिती घटनेने सक्तीची केली आहे ती ३ लाखांवरच्या शहरांना, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या शहरांना ती लागू नाही. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचं मतदानही बंद होतं. घरपट्टीची आकारणी नव्याने होते, आणि ती कमी झाल्याचं सहसा ऐकायला मिळत नाही.

शेतकऱ्याचा खरा प्रश्न जमिनीचा. नगरपंचायतीला विकास आराखडा करावा लागतो. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली त्यात रस्ते, बाग, बाजार, शाळा यांची आरक्षणं पडतात, आणि मोकळी जागा म्हणजे बहुतेक वेळा कुणाचं तरी वावर असतं. सातबारा आपल्याच नावावर राहतो, पण आरक्षणाची जमीन सहसा कुणी विकत घेत नाही. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली मालकाला खरेदीची नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल उचललं गेलं नाही तर आरक्षण रद्द होतं. नोटिशीबरोबर मालकीचे कागद जोडावे लागतात. मोबदला म्हणून रोख पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वाढीव बांधकाम करण्याचा किंवा विकता येणारा हक्क, पुढे केला जातो. पुण्यात त्याला गिऱ्हाईक आहे. दहा-पंधरा हजार वस्तीच्या गावात तो घेणार कोण?

दुसरी गोष्ट प्राप्तिकराची, आणि ही फारच कमी जणांना माहीत असते. ग्रामीण भागातली शेतजमीन विकली तर नफ्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. पण जमीन १० हजार किंवा जास्त लोकसंख्येच्या नगरपंचायतीच्या हद्दीत आली की ती या करात येते. शिवाय लोकसंख्या १० हजारांवर आणि १ लाखापर्यंत असेल, तर हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरपर्यंतची जमीनही धरली जाते. म्हणजे शेजारचं गाव ग्रामपंचायतच राहिलं तरी तिथल्या शिवारावर परिणाम होतो. लोकसंख्या प्रसिद्ध झालेल्या मागच्या जनगणनेची धरतात. विक्रीआधीची दोन वर्षं ती जमीन स्वतः किंवा आईवडील कसत असतील आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर सवलत मिळते. सौदा करायच्या आधीच हे कर सल्लागाराला विचारावं, इसार घेतल्यावर नाही.

हे सगळं एका रात्रीत होत नाही. सरकार आधी प्रारूप अधिसूचना काढतं आणि हरकतींसाठी किमान ३० दिवस देतं. हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. नगरपंचायत नकोच, एवढंच लिहिलं पाहिजे असं नाही. बाजारपेठ आणि गावठाण हद्दीत घ्या, पण लांबच्या वाड्या आणि निव्वळ शेतीचे गट बाहेर ठेवा, अशीही मागणी करता येते. त्यात गट नंबर लिहावेत आणि नकाशाची झेरॉक्स जोडावी. विकास आराखड्याचं प्रारूप निघतं तेव्हा हरकतीची संधी वेगळी मिळते. तिचीही मुदत ठरलेली असते आणि नोटीस राजपत्रात व वर्तमानपत्रात येते, घरी येत नाही.